चुगलखोर नळी

शिरीष नेर्लेकरांनी आयुष्यात स्वतःची विष्ठा कधी पाहिली नव्हती. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली असती असे नाही, कारण तो शब्दच त्यांच्या तोंडून बाहेर पडला नसता. उठायचे, मान वर करून समोरच्या फरशीकडे पाहायचे, हात मागे नेऊन पाणी सोडायचे आणि टाकीचा खळखळाट पूर्ण थांबेपर्यंत वळायचे नाही, ही लहानपणी लागलेली शिस्त सहासष्टाव्या वर्षापर्यंत मोडली नव्हती. त्यानंतर कोपरापर्यंत साबण, मग पाय, मग चूळ आणि सकाळ असेल तर अंघोळ.

घरात दुसरेही एक माणूस शौचालयात जाते, ही वस्तुस्थिती त्यांनी सनईने झाकली होती. पत्नी शुभदाबाई त्या दाराकडे वळल्या की नेर्लेकर बैठकीतल्या स्पीकरवर सनई लावत आणि दार पुन्हा उघडल्याचे दिसले की बंद करत. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हा प्रकार सुरू झाला होता. त्याबद्दल दोघांत एक शब्दही कधी बोलला गेला नव्हता.

एरवी ते अत्यंत व्यवस्थित गृहस्थ होते. मिरजेतल्या एका तंत्रनिकेतनात यंत्रशाळा सांभाळून ते निवृत्त झाले होते. त्यामुळे 'वनश्री सहनिवासा'त पंप बसवायचा असो किंवा लिफ्टचा दोर बदलायचा असो, तांत्रिक सल्लागार म्हणून त्यांचाच शब्द अखेरचा मानला जाई. चुगलखोर बसवतानाही तसेच झाले.

कंपनीने दिलेले नाव 'आरोग्यनळी' होते. चुगलखोर हे नाव रहिवाशांनी ठेवले आणि तेच टिकले. प्रत्येक घराच्या शौचालयातून मुख्य पाइपाकडे जाणाऱ्या तुकड्यात वीतभर लांबीची एक नळी बसवायची, एवढेच काम होते. नळीच्या आत दोन संवेदक होते. पहिला रक्त शोधत असे. मोठ्या आतड्यात वाढणारी गाठ अधूनमधून इतके थोडे रक्त सोडते की मलाचा रंगही बदलत नाही. डोळ्यांना न दिसणारे ते रक्त हा संवेदक ओळखी. दुसरा संवेदक पेशी शोधत असे. आतड्याचे अस्तर रोज झडत असते आणि झडलेल्या प्रत्येक पेशीत तिची जनुके असतात. कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे सांगणाऱ्या रासायनिक खुणा निरोगी पेशीत आपापल्या जागी असतात. कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशीत त्या भलत्याच जागी चिकटतात. आठवडाभराच्या मलात असे रक्त आणि अशा खुणा पुन्हा पुन्हा सापडल्या, की नळी इशारा देई. निदान करणे तिचे काम नव्हते. 'दुर्बिणीने तपासून घ्या', एवढेच तिला म्हणता येत असे.

आणि एवढे पुरेसे होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाएकी होत नाही. आधी अस्तरावर पॉलिप नावाचा एक कोंब येतो. बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. काहींचा कर्करोग होतो, पण त्यालाही दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत कोणी दुर्बीण आत घालून तो कोंब खुडून काढला, तर पुढचे काहीच घडत नाही. इतकी सवड देणारा रोग क्वचितच सापडेल. तरीही माणसे त्याने मरत होती, कारण ज्या वाटेने दुर्बीण जाते त्या वाटेचा विचारही कोणाला करायचा नव्हता.

घरातल्या कोणत्या व्यक्तीचा दोष आहे, हे नळीने ओळखण्यास कायद्याने मनाई होती. इशारा फक्त घरापुरता असे आणि तो घरमालकाच्या मोबाइलवर जावा, अशी कंपनीची योजना होती. ती योजना सोसायटीचे अध्यक्ष सुकुमार मगदूम यांनी सभेत मोडीत काढली.

"मेसेज कोण वाचतंय वो?" ते म्हणाले. "लोक पाण्याच्या बिलाचा मेसेज वाचत न्हाईत. त्यापेक्षा लिफ्टशेजारी बोर्ड हाय आपला. टाकीत पाणी किती, जनरेटर चालू का बंद, त्याच बोर्डावर घराघराचा दिवा लावूया. हिरवा म्हंजे हिरवा. तांबडा म्हंजे पळा डॉक्टरकडं. काय नेर्लेकर साहेब?"

नेर्लेकरांनी संमती दिली. यंत्रशाळेत प्रत्येक लेथवर दिवा असे आणि तो तांबडा झाला की कोणालाही दुरून दिसे. बिघाड लपवला जाऊ नये, हे तत्त्व त्यांना इतके स्वाभाविक वाटत होते की लेथला शेजारी नसतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दिव्यांचा आकारही त्यांनीच ठरवला.

"एवढे मोठे दिवे कशाला?" घरी आल्यावर शुभदाबाईंनी विचारले.

"दिसायला हवेत."

नळ्या बसल्या त्याच महिन्यात, जानेवारीत, नेर्लेकरांचा दिवा तांबडा झाला.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शुभदाबाईंचे हळदीकुंकू होते. दरवर्षी त्यांच्या तिळाच्या वड्यांसाठी बायका दोनदोनदा हात पुढे करत. त्या दिवशी त्या आल्या, पण उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. कुंकू लावून घेतले, वाण घेतले. वडी मात्र हातरुमालात गेली.

"शुगर वाढलीय गं माझी," समोरच्या पद्मजा शेडबाळे म्हणाल्या. "घरी जाऊन ह्यांना देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेर्लेकर ओला कचरा टाकायला खाली गेले. डब्याचे झाकण उघडताच त्यांनी सवयीने मान फिरवली, पण तेवढ्यात दिसायचे ते दिसले. केळीच्या साली, आंबलेला भात, माशांचे कल्ले, आणि त्या रबरबाटावर शुभदाबाईंच्या वड्या. एक-दोन नव्हेत, जवळपास सगळ्या. त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. कर्करोग वडीतून पसरत नाही, हे या बायकांपैकी प्रत्येकीला ठाऊक होते. दोघी तर शाळेत शास्त्र शिकवत. नेर्लेकरांना शिसारी आली आणि ती डब्याच्या वासाची नव्हती. माणसांची अशी किळस त्यांना पूर्वी कधी आली नव्हती.

"आवडल्या का हो वड्या त्यांना?" शुभदाबाईंनी विचारले. "कोणी काही बोललं का खाली?"

"आवडल्या," नेर्लेकर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

डॉक्टर शाहीन पटवेगार पोटविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून नेर्लेकरांपासून सुरुवात केली.

"शौचाच्या सवयीत अलीकडे काही बदल? बद्धकोष्ठ, जुलाब, आलटून पालटून?"

"कल्पना नाही."

"पोट साफ झालं नाही असं वाटत राहतं? मल नेहमीपेक्षा बारीक, पेन्सिलीसारखा?"

"पाहिलेलं नाही."

"रक्त?"

"पाहिलेलं नाही, म्हटलं ना."

"पाहिलं नाहीत, की नव्हतं?"

"म्हणजे मी पाहत नाही." नेर्लेकरांचे कान लाल झाले. "कधीच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "तुम्ही यंत्रशाळेत होतात ना? इंजिनचं जुनं तेल काढल्यावर बघत होता?"

"अर्थातच. तेलावरून आतली झीज कळते."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि शुभदाबाईंकडे वळल्या.

शुभदाबाईंनी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नकार दिला. वजन थोडे उतरले आहे, थकवा येतो, पण तो वयाचाच.

"माहेरी कोणाला आतड्याचा आजार?"

"वडील पोटानं गेले."

"पोटानं म्हणजे नेमकं काय झालं होतं?"

"पोटानं. आमच्याकडे तेवढंच म्हणत. शेवटी त्यांची खाट मागच्या दारी हलवली होती. वास यायचा. मी चौदा वर्षांची होते, मला तिकडे जाऊ देत नसत."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. "हे एवढं कळलं असतं, तर चाळिशीतच तुमची दुर्बिणीची तपासणी झाली असती. आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाला झाला, तर धोका दुपटीच्या आसपास जातो. बाकीच्यांनी पंचेचाळीसपासून तपासायचं. तंबाखू, दारू, सुटलेलं पोट, पानात भाजी-कडधान्यं कमी, हे सगळं धोका वाढवतंच. पण रक्ताच्या नात्याला पथ्य नाही, त्याला तपासणीच लागते. तुम्ही आधी या."

"आधी यांचं करा," शुभदाबाई घाईने म्हणाल्या. "दोघं एकदम झोपलो तर घरात उभं कोण राहणार? माझं पुढच्या महिन्यात."

नेर्लेकरांना ते रीतसर वाटले. एका वेळी एकच यंत्र उघडावे.

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडे पूर्ण रिकामे करावे लागते. त्यासाठी दिलेले औषध समुद्राच्या पाण्यात लिंबाची गोळी विरघळवल्यासारखे लागत होते आणि ते तांब्यावर तांब्या प्यायचे होते. दुपारपर्यंत नेर्लेकरांचे शरीर त्यांच्या ताब्यात राहिले नाही. उभे राहायला वेळ मिळेना, मान वर करायला वेळ मिळेना, हात धुऊन बाहेर येतात तो पुन्हा आत. दिवसभर शौचालयात साचलेला तो आंबूस उबट वास त्यांच्या कपड्यांत, केसांत, शेवटी पाण्याच्या घोटातही येऊ लागला. आपण एक पाइप आहोत आणि त्या पाइपाभोवती मिशा, चष्मा आणि नाव लावलेले आहे, असे त्यांना वाटले.

सर्वांत वाईट गोष्ट डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांच्या कागदावर शेवटी छापली होती. बाहेर पडणारे पाणी फिकट पिवळे आणि नितळ झाल्याची खात्री करून घ्यावी.

ते कोण पाहणार? नेर्लेकरांनी दोनदा प्रयत्न केला. मान वळेना, आणि दुसऱ्या वेळी ओकारी आली. अखेर ते दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि शुभदाबाई आत गेल्या.

"काय दिसतंय?" त्यांनी भिंतीला विचारले.

"गढूळ आहे अजून."

पुन्हा तांब्या. पुन्हा भिंत.

"आता?"

"थोडं निवळलंय."

संध्याकाळ कलताना आतून आवाज आला, "झालं. अगदी स्वच्छ." शुभदाबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडले, पण नेर्लेकर तोवर लगबगीने बेसिनकडे गेले होते आणि नळ मोठा सोडून कोपरापर्यंत साबण लावत होते.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि बाहेर आली. आतडे निर्दोष होते, एक साधा कोंबही नव्हता.

त्यांचा अहवाल हाती येईपर्यंत खालचा दिवाही हिरवा झाला होता. मगदूम पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले.

"काय वो साहेब, पार घाबरवलंत! यंत्रच येडं. कंपनीला नोटीस काढतो मी. घ्या, तोंड गोड करा. वहिनी, तुम्ही पण."

मागोमाग शेडबाळे वहिनी आल्या. त्यांनी शुभदाबाईंच्या ताटलीतला पेढा उचलून तिथेच तोंडात टाकला आणि बोटे चाटली. शुगर बहुधा उतरली असावी. नेर्लेकर त्या ओल्या बोटांकडे पाहत राहिले. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला आणि मऊ होऊन तळव्याला चिकटला.

त्यांच्या मनाला दुसरीच गोष्ट टोचत होती. यंत्रशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांना एक नियम घालून दिला होता. कोणी हात न लावता दिवा विझला, तर बिघाड गेला असे समजायचे नाही. तो दिव्यापर्यंत पोचत नाही असे समजायचे. आपल्या आतड्यातून काहीच काढलेले नाही. मग तांबडा दिवा हिरवा का झाला?

डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "नळी चुकू शकते. शंभरात काही दिवे खोटे लागतातच. पण शुभदाताईंची तपासणी झाल्याशिवाय मी हे चूक म्हणणार नाही. त्यांनी तारीख पुढे ढकललीय, माहीत आहे ना?"

नेर्लेकरांना माहीत नव्हते.

उत्तर त्यांना बैठकीत सापडले. एका सकाळी ते वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि काही तरी राहून जाते आहे, असे त्यांना सारखे वाटत होते. मग त्यांची नजर स्पीकरवर गेली. त्यावर धूळ बसली होती. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी सनई लावलीच नव्हती. लावण्याची वेळच आली नव्हती. पहाटे फिरायला जाते म्हणून शुभदाबाई हल्ली खाली जात आणि बऱ्याच वेळाने परतत.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने नेर्लेकरही जिना उतरले.

जनरेटरच्या खोलीमागे पहारेकऱ्यासाठी बांधलेला एक संडास होता. तो मुख्य पाइपाला जोडलेला नव्हता. त्याचे पाणी स्वतंत्र खड्ड्यात जाई आणि म्हणून तिथे नळी नव्हती. हे नेर्लेकरांना पक्के ठाऊक होते, कारण तो नकाशा त्यांनीच तपासला होता. वळणावरच त्यांच्या नाकात तो दर्प शिरला. अमोनियाचा, कुजक्या पाण्याचा, वर ओतलेल्या फिनेलचा. भिंतीवर शेवाळाचा हिरवट लिबलिबीत थर होता आणि पायाखालची फरशी बुळबुळीत होती.

आणि तिथे रांग होती.

सोसायटीतली सुशिक्षित, सुस्थित माणसे हातात मग आणि खांद्यावर नॅपकिन घेऊन, एकमेकांकडे न पाहता उभी होती. सर्वांत पुढे सुकुमार मगदूम होते.

"साहेब, तुम्ही पण?" पहारेकरी ऐवळे वैतागून म्हणाला. "वर एकेकाच्या घरात दोन-दोन, तीन-तीन हाईत, आन् माझ्या एकट्याच्यात ही जत्रा. मला जायचं तर मी पेट्रोल पंपावर जातुया!"

"मगदूम, तुमचा दिवा तर हिरवा आहे," नेर्लेकर म्हणाले.

"हिरवाच हाय वो!" मगदूमांनी आवाज खाली आणला. "हिरवाच ऱ्हायला पायजे म्हणून तर. उद्या तांबडा लागला तर अध्यक्ष म्हणून तोंड कुठं दाखवू? पोरीचं जमतंय सध्या."

"म्हणजे तुम्हाला काही त्रास होतोय?"

मगदूमांनी नॅपकिन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

तेवढ्यात पत्र्याचे दार करकरले आणि शुभदाबाई बाहेर आल्या. पदर नाकाला लावलेला, दुसऱ्या हातात घरचा निळा मग. नेर्लेकरांना पाहून त्या जागीच थांबल्या. रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी आभाळाकडे पाहिले.

जिन्याच्या पहिल्या वळणावर शुभदाबाई बसल्या. त्यांना धाप लागली होती. पहाटेच्या उजेडात त्यांच्या पापण्यांच्या आतली कड पांढरीफटक दिसत होती. ती किती दिवसांपासून तशी होती, हे नेर्लेकरांना सांगता आले नसते.

"रक्त जातं?"

"जातं."

"कधीपासून?"

"गौरींच्या आधीपासून. मूळव्याध असेल म्हणून इसबगोल घेत होते. रक्त आधी दोन दिवसांआड, मग रोज. हल्ली पोट साफच झालं नाही असं वाटत राहतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं."

"डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं. माझ्यासमोर विचारलं. तू नाही म्हणालीस."

"तुमच्यासमोर विचारलं म्हणूनच नाही म्हणाले."

नेर्लेकरांची नजर निळ्या मगावर गेली.

"अहो, तुम्हाला काय सांगणार होते मी?" शुभदाबाईंचा आवाज चढला नव्हता. "अडतीस वर्षांत मी तुमच्यासमोर साधी ढेकर दिलेली नाही. मुग्धाच्या वेळी बाळंतपणात मला जुलाब लागले, तर तुम्ही माझ्या आईला तार केल्यासारखं बोलावून घेतलंत आणि स्वतः मित्राकडे झोपायला गेलात. मी आत जाते आणि बाहेर लग्न लागतं. रोज. त्या सनईत मी काय काय दाबलंय, ते मला ठाऊक. आणि वडिलांची खाट मागच्या दारी गेलेली मी पाहिलीय. मला मागच्या दारी जायचं नव्हतं."

त्यांच्या लुगड्याला त्या संडासाचा वास येत होता. नेर्लेकरांचा उजवा पाय आपोआप एक पायरी खाली गेला. ते त्यांनी ठरवून केले नव्हते. शुभदाबाईंनी त्या पायाकडे पाहिले.

"बघा," त्या म्हणाल्या.

किळस आपल्या शरीरात कशी काम करते, हे नेर्लेकरांना त्या वेळी एखाद्या उघडलेल्या यंत्रासारखे दिसले. कुजके अन्न आणि घाण यांपासून माणसाला दूर ढकलण्यासाठी बसवलेली ती एक झडप होती. आपण ती घरातल्या माणसावर बसवली. कचऱ्याच्या डब्यातल्या वड्या पाहून त्यांना शेजारणींची जी शिसारी आली होती, ती आता घरचा पत्ता शोधत त्यांच्याकडेच आली. शेजारणींनी निदान वड्या रुमालात तरी घेतल्या होत्या.

त्यांनी पाय पुन्हा वरच्या पायरीवर ठेवला. तोंडाने श्वास घेतला आणि हात पुढे केला.

"चल."

"कुठे?"

"वर. आपल्या घरात. उद्यापासून तिथेच जायचं. दिवा लागू दे."

दिवा लागला. तपासणी त्याच आठवड्यात झाली. गुदाशयात, बोटभर आत गेल्यावर, अक्रोडाएवढी गाठ होती. तुकडा तपासल्यावर नाव पक्के झाले.

"मूळव्याधीचं रक्त आणि हे रक्त घरबसल्या वेगळं ओळखता येत नाही," डॉक्टर पटवेगार म्हणाल्या. "म्हणून तपासायचं असतं. दहा वर्षांपूर्वी हा कोंब असताना सापडला असता, तर दुर्बिणीतूनच काढून संध्याकाळी घरी पाठवलं असतं. आता आधी किरण आणि औषधं, मग शस्त्रक्रिया. कापलेल्या आतड्याचा जोड भरून येईपर्यंत काही महिने मलासाठी पोटावर पिशवी. गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलेली नाही, यकृत स्वच्छ आहे. मला चांगली आशा आहे. पण गौरींच्या वेळी आला असतात तर मी याहून ठामपणे बोलले असते."

बंगळूरला मुलीला, मुग्धाला फोन लावला, तेव्हा ती आधी आईसाठी रडली आणि मग चिडली.

"आजोबा कशानं गेले, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळतंय? बाबा, हे घर आहे की गुप्तहेर खातं?"

"चाळिशीला तुझी तपासणी," नेर्लेकर म्हणाले. "त्याआधी जनुकांची. आणि यापुढे विष्ठेत रक्त दिसलं, सवय बदलली, वजन उतरलं, तर मला फोन करायचा."



"बाबा, तुम्ही आत्ता कोणता शब्द वापरलात?"

शस्त्रक्रियेआधी एका दुपारी नेर्लेकरांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन लिफ्टशेजारच्या फलकावरचे सगळे दिवे काढले. इशारा त्या त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या मोबाइलवर जाईल आणि कोणत्याही भिंतीवर दिसणार नाही, अशी जोडणी त्यांनी कंपनीकडून करून घेतली. ठरावाशिवाय दिवे काढल्याबद्दल विचारायला मगदूम आले, पण विचारले नाही. काढलेल्या दिव्यांपैकी एक उचलून त्यांनी हातात फिरवला.

"साहेब, त्या पटवेगार डॉक्टरीणबाई," ते अखेर म्हणाले, "बघताना लई खोदून विचारतात काय वो?"

"विचारतात."

"मग वेळ घ्या माझी. तुमच्या नावानं नको. माझ्याच नावानं घ्या."

नेर्लेकरांना त्यांच्याबद्दल अजूनही शिसारी वाटत होती. त्यांनी फोन काढला आणि वेळ घेतली.

शुभदाबाई घरी आल्या, तेव्हा त्यांच्या पोटावर उजव्या बाजूला पारदर्शक पिशवी चिकटवलेली होती. आतड्याचे एक वेटोळे तिथे त्वचेबाहेर आणलेले होते, लालभडक, ओलसर, आणि मधूनच आपोआप हलणारे. पिशवी भरली की खालची चिमटी काढून रिकामी करायची, पुसायची, पुन्हा बंद करायची. पहिले काही दिवस परिचारिका येई. एका सकाळी ती आली नाही. टाके ओढत असल्यामुळे शुभदाबाईंना वाकता येत नव्हते.

"राहू दे," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "दुपारी कोणी तरी येईल."

"भरलीय. फुटेल."

"तुम्हाला जमणार नाही हो. उगाच कशाला."

नेर्लेकरांनी हातमोजे चढवले, पातेले घेतले, पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि चिमटी काढली. त्या पातळ, कोमट प्रवाहाबरोबर जो वास आला त्याला त्यांच्याकडे नाव नव्हते. डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी चिमटी कशीबशी लावली, पातेले खाली ठेवले आणि बेसिनकडे धाव घेतली. सकाळचा सगळा चहा बाहेर पडला. नळ चालू होता, तरी पलंगापर्यंत आवाज पोचला असणारच. स्पीकर त्यांच्या हाताशी होता. त्यांनी तो लावला नाही.

तोंड पुसून ते परत आले आणि पुन्हा गुडघ्यावर बसले. किळस जराही कमी झाली नव्हती. त्यांनी चिमटी काढली, पिशवी पूर्ण रिकामी केली आणि तिचे तोंड पुसून पुन्हा बंद केले. तेवढ्यात त्या लाल वेटोळ्यातून भर्रकन मोठा आवाज झाला.

शुभदाबाई आक्रसल्या. मानेपर्यंत लाल झाल्या. "अहो, ते माझ्या हातात नाही. तिथे आवरताच येत नाही."

"असू दे. वात सरतोय म्हणजे आतडं चालू झालंय. छापील कागदावर आहे."

शुभदाबाईंचे तोंड अजून भिंतीकडेच होते.

"काय दिसतंय?" त्यांनी भिंतीला विचारले.

नेर्लेकरांनी पातेले उचलून खिडकीशी नेले. डोळ्यांवरचा चष्मा नीट केला. ओकारी पुन्हा वर येत होती. ती त्यांनी गिळली आणि उजेडात वाकून, घाई न करता, नीट पाहिले.

"पिवळं," ते म्हणाले. "पेजेसारखं. रक्त नाही."